अडतीस हजार संस्था आणि एक कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, संस्था नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेली निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कोणी धमकावून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारं माणूस या घरात येऊन बरीच वर्षं झाली. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं धाकट्या भावाला दिलं होतं. तेव्हा मी त्याच्यावर रागावलेले होते आणि ते लपवायचं होतं.

१. माझं राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या स्वकमाईचं आहे. मागची खोली आणि स्वयंपाकघर माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, कायमचं द्यावं. पुढच्या खोलीचं काय करायचं ते कलम ६ मध्ये लिहिलं आहे. भावाला घरात हिस्सा नाही. आईची तब्येत बिघडायला लागली तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तू एकटीच तर आहेस, तुला काय अडचण?" अडचण होती. ती मी त्याला सांगितली नाही, हा माझा दोष. विचारली नाही, हा त्याचा. मात्र आईचा पलंग आणि वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ त्यालाच द्यावं. लहानपणी त्या घड्याळाला चावी द्यायला मिळावी म्हणून तो रडायचा.

२. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एकोणीस वह्या आहेत. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. त्या कसल्या आहेत हे नीट लिहून ठेवते, नाहीतर रद्दीत जातील.

मी पस्तीस वर्षांची असताना सरकारने ठरवलं की राज्यात लोकसेवेच्या म्हणून नोंदलेल्या जितक्या संस्था आहेत, त्यांतल्या प्रत्येकीच्या दारात जाऊन यायचं. नोंदवहीत आकडा होता अडतीस हजार चारशे बारा. आमच्या आठ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एक निरीक्षक आणि एक नकाशे काढणारा. अडीच वर्षं आम्ही फिरलो. आमच्या जोडीच्या वाट्याला चार हजार सातशे दारं आली.

काय काय पाहिलं म्हणून सांगू. अनाथाश्रमाच्या पत्त्यावर लग्नाचं कार्यालय होतं आणि तिथला मॅनेजर म्हणाला, "अनाथ आले तर ठेवू की." अंध गायकांचा संघ होता, ते आमच्या पावलांवरून ओळखायचे की सरकारी माणसं आली. जखमी गाढवांचं रुग्णालय होतं. शुद्धलेखन प्रसारक मंडळाचे दोनच सभासद उरले होते आणि त्यांचं एका वेलांटीवरून बोलणं बंद होतं. दोघांच्या सह्या मी दोन घरी जाऊन घेतल्या. मिठागराच्या गोदामात भरणारी शाळा होती, तिथल्या मुलांच्या पाट्यांवर मीठ फुलायचं. आणि कुलपं तर किती. गंजलेली, नवी, बाहेरून लावून आत माणूस बसलेली.

सगळ्या जोड्यांचं एकत्रीकरण मी केलं. चालू असलेल्या संस्था निघाल्या एकोणीस हजार सहाशे सात. बडेसाहेबांनी छापील अहवालात लिहिलं, "राज्यात अडतीस हजारांहून अधिक संस्था कार्यरत." मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मोठा आकडा कोणाला टोचत नाही." माझं नाव अहवालात कुठेच नाही, त्याचं आता काही वाटत नाही. आकड्याचं वाटतं. खरा आकडा वह्यांत आहे, विचारील त्याला दाखवावा.

सतरा ते एकोणीस या वह्या सरकारने मागितल्या नव्हत्या. त्यांत नोंदणी नसलेल्या लोकांची नावं आहेत. बेवारस प्रेतांना मूठमाती देणारे चार हमाल. सुट्टीच्या दिवशी मरणाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिका. जुने चष्मे गोळा करून नंबर जुळवून देणारा घड्याळजी. या वह्या ठेवायची कल्पना माझ्या जोडीतल्या नकाशेवाल्यांची. ते म्हणाले होते, "निरीक्षकबाई, ज्यांची पाटी नाही त्यांना शोधायला कोण येणार? आलोच आहोत तर लिहून घेऊ." तिन्ही वह्यांत अक्षर त्यांचं आहे.

३. नकाशेवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमं समजणार नाहीत.

माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. बोलणं कमी. चढावर ते मुद्दाम मागे राहायचे, म्हणजे मला दम लागला तर थांबायला लाज वाटू नये. अडीच वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारली नाही. सर्वेक्षण संपायच्या आठवड्यात एका बसस्टँडवर चहा पिताना ते म्हणाले, "मी नोकरी सोडतोय. दोन खोल्या बघितल्यात. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, वॉकर दुरुस्त करायचे आणि लागतील त्यांना उसने द्यायचे. मला लोखंडाचं काम येतं. नोंदी ठेवता येत नाहीत. तुम्हाला येतात."

मला कळलं ते काय विचारताहेत. मी म्हणाले, "आईला विचारून सांगते."

मी आईला कधीच विचारलं नाही. ती नाही म्हणेल अशी भीती नव्हती. हो म्हणाली असती तर मला जावं लागलं असतं, आणि मग तिच्याजवळ कोण, हा प्रश्न भावाला विचारावा लागला असता. आज विचारते, उद्या विचारते, असं करत चार वर्षं गेली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संस्था मात्र सुरू केली, रीतसर नोंदली. त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावरून गेला. कार्यालयाच्या शिक्क्याखाली सही करायला मी इतका वेळ लावला की शिपाई म्हणाला, "बाई, दुसरं पेन देऊ?"

४. मग तपासणीच्या यादीत त्यांची संस्था आली. तो गाव दुसऱ्या निरीक्षकाला देता आला असता, पण मी मागून घेतला. अकराच्या बसने येते असं त्यांना कळवलं. नवी साडी नेसले. ऐनवेळी कार्यालयाची जीप मिळाली आणि मी साडेनऊलाच पोचले. दाराला कुलूप.

पंधरा मिनिटं मी उभी राहिले. मला वाटलं, चार वर्षं तू आली नाहीस, आता त्याने दार का उघडावं. मी फॉर्म काढला आणि लिहिलं, "दार बंद. कामकाज आढळले नाही." खाली एक रकाना असतो, शेजाऱ्यांकडे चौकशी केली काय. केली नव्हती. मी लिहिलं, "होय."

नोटीस गेली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "निरीक्षकबाईंनी पाहिलं ते बरोबरच असेल." नोंदणी रद्द झाली. एक रुग्णालय त्यांना जुनं सामान देत असे, तेही बंद झालं.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं हे एकच खोटं. हे वाचणाऱ्याने माझ्याविषयी आणखी काहीही चांगलं बोलण्याआधी ते लक्षात घ्यावं.

५. माझं शिलाई मशीन आणि कपाटातलं सगळं कापड शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावं. यामागचं कारण त्यांना ठाऊक नाही, ते असं.

त्या तपासणीला अकरा वर्षं झाल्यावर आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. शिंपीणबाई कुठून तरी वॉकर घेऊन आल्या. त्याला चिठ्ठी बांधलेली होती, "परत देण्याची घाई नाही." अक्षर मी ओळखलं. वॉकर कोणी दिला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या गावी एक गृहस्थ आहेत, घरातूनच देतात. पूर्वी संस्था होती म्हणे. कोणी तपासणीवाली बाई येणार होती, तर हे तिला आणायला बसस्टँडवर गेले, दोन तास उभे. ती इकडे कुलूप बघून निघून गेली. ते सांगतात आणि हसतात. मला मेलं त्या बाईचाच राग येतो."

मी म्हणाले, "येणारच." आणि आत जाऊन आईची औषधं लावत बसले.

शिंपीणबाई, ती बाई मी. आई सात महिने त्या वॉकरवर चालली. ती गेल्यावर तुमच्याच हाती तो परत पाठवला. चिठ्ठी लिहायला तीनदा बसले होते.

६. पुढची खोली चालायच्या साहित्यासाठी ठेवावी. ज्याला लागेल त्याने न्यावं, झालं की आणून ठेवावं. नोंदणी करू नये. पाटी लावू नये. भाचीने दिवसा दार उघडं ठेवावं. तिला बाहेर जायचं असेल तर किल्ली शिंपीणबाईंकडे द्यावी आणि तसं दारावर लिहावं.

७. बँकेतली शिल्लक मला वही क्रमांक सतरामधल्या परिचारिकांच्या गटाला द्यायची होती; आता त्यांच्या मुली-सुना तेच काम करतात. वकीलबाई म्हणाल्या, "नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने अडचणी येतील. माणसांची नावं द्या." हेच वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. तेव्हा सहा जणींची यादी सोबत आहे, समान वाटणी करावी. त्या बदल्यात माझ्या उशाशी बसावं अशी अट नाही. बसल्या तर बरं वाटेल.

८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी नकाशेवाल्यांना नेमते.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ते शहात्तर वर्षांचे आहेत. तुम्हाला एखादा तरुण माणूस नको का?"

नको. व्यवस्थापकाला घरात यावं लागतं. पेट्या उघडाव्या लागतात, वह्या चाळाव्या लागतात, खोल्यांतून फिरावं लागतं. नकाशेवाले या घरात कधी आले नाहीत. खिडकीजवळच्या टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. दुसरी मी सर्वेक्षण संपलं त्या वर्षी घेतली. या घरात ते एकदा बसावेत एवढंच मला पाहिजे होतं, आणि जिवंतपणी बोलवायची माझी छाती झाली नाही. म्हणून कायद्याचा आधार घेतला.

वकीलबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "व्यवस्थापकाला आधी विचारलेलं बरं असतं. पत्र टाका." मृत्युपत्राच्या मसुद्याची एक प्रत आणि विनंतीचं पत्र आठ दिवसांपूर्वी टाकलं आहे. प्रतीत कलम ४ जसंच्या तसं आहे. उत्तर आलेलं नाही. त्यांनी नकार दिला तर वकीलबाईंनीच काम पाहावं, आणि नकाशेवाल्यांना कोणी दोष देऊ नये.

वरचा सगळा मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: निवृत्त निरीक्षक
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: ११ मार्च, मंगळवार, सकाळी दहा

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. (सही)
साक्षीदार दुसऱ्या: टपाल कचेरीतल्या निवृत्त कारकून, माझी मैत्रीण. (सही)
शिंपीणबाईंना साक्षीदार केलेलं नाही, कारण ज्याला काही मिळतं त्याने सही करायची नसते.

व्यवस्थापकाची संमती, त्याच दिवशी, दुपारी साडेबारा, समक्ष:
मान्य आहे. कलम ४ वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. मृत्युपत्रात एक त्रुटी आहे, व्यवस्थापक आधी गेला तर काय करायचं ते कोणत्याही कलमात नाही. ते निरीक्षकबाईंनी लिहावं. त्यांना सुचत नाहीये, त्या रडताहेत. मला परतीच्या गाडीची घाई नाही. बसलो आहे.
सही: नकाशेवाले