घेतलेलं परत कोणी करायचं?

४ मार्च

आमच्या टीममधल्या नव्या पोराने, राजेसाहेबांनी, आज स्वतः लिहिलेला ड्रायव्हर दाखवला. रक्त तपासायचं नवं मशीन कॉम्प्युटरकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम. सुरुवातीला कर्नलकडून, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडून, मेमरी घेतली, मशीनने हाक मारायला इंटरप्ट घेतला — आणि परत करायची एक ओळ नाही! विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मॅनेज्ड कॉल वापरलेत. डिव्हाइस काढलं की कर्नल आपोआप सगळं सोडतो."

आपोआप! जन्मात कधी स्वतःचं ताट उचललेलं दिसत नाही.

५ मार्च

पंधरा वर्षं मी ड्रायव्हर लिहितेय. जे घेतलं ते उलट्या क्रमाने, आपल्या हाताने परत करायचं. मधेच काही फसलं, तर तिथवरचं आवरून मगच बाहेर पडायचं. एवढं साधं! पण यांना आवरायला कमीपणा वाटतो. आमचे विभागप्रमुख साहेब वर मलाच सांगतात, "अहो, माणूस हुशार आहे." हुशार म्हणे! शुक्रवारच्या चाचणीत मशीन अडलं तर मात्र त्याला कायम करणार नाहीत. आणि हा आत्ताच घर बघतोय — कायम झाला की गरोदर बायकोला इकडे आणणार. बाजारात तुरी!

६ मार्च

राहवेना. त्याच्या ड्रायव्हरच्या शेवटी मेमरी परत करायची ओळ मीच घातली. त्याला सांगितलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी! एका ओळीसाठी चालवून काय बघायचं?

सकाळी नवऱ्याशी वाजलं. त्याने दाराला कुलूप लावलं, मी खात्रीसाठी किल्ली पुन्हा फिरवली. "लावलेलं कुलूप उघडून ठेवतेस तू!" म्हणे. स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि मला शिकवतोय.

७ मार्च

मशीन झकास चाललं. मग केबल काढली — अख्खी सिस्टम आडवी! राजेसाहेब पांढरेफटक. "मॅडम, माझ्याकडे नीट चालत होतं हो." सगळे हेच म्हणतात! साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, ज्याला शेवट आवरता येत नाही त्याला ठेवून काय करणार?

दुपारीच त्याचं ओळखपत्र जमा झालं. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून खूप शिकलो." लोचट कुठला!

१० मार्च

क्रॅशचा लॉग वाचला. एकच मेमरी दोनदा सोडली गेली, म्हणून सिस्टम पडली. आधी माझ्या ओळीने. मग कर्नलने — आपोआप.

ओळ काढून टाकली. केबल काढली, लावली, पुन्हा काढली. काही झालं नाही. साहेब मागे उभे होते. "वा! शेवटी तुम्हीच निस्तरलंत."

मी "हो" म्हटलं.