आईच्या नावाचं पितळ

लिंडनरोड, ३ मार्च २००८

चि. थेआस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? तू कळवत नाहीस आणि मी इथे नाही नाही त्या कल्पना करत बसतो. सोबत नगरपालिकेचा फॉर्म आहे. आई-बाबांच्या नावाचे दोन पितळी दगड घरासमोर फुटपाथमध्ये बसवणार आहेत, नाझींनी नेलेल्यांच्या आठवणीसाठी हल्ली गावोगावी बसवतात तसे. मुलांच्या सह्या लागतात. मी केली. तूही कर आणि फार वाचत बसू नकोस.

वाचशीलच, म्हणून सांगतो. घर नंबर मी नऊऐवजी अकरा लिहिलाय. अकरात पोस्टमन फ्रोबेनचा गेबहार्ट अजून राहतो. बंदी असताना ज्यूंच्या माळ्यावर रेडिओ आहे, अशी चिठ्ठी पोलिसांना त्याच्याच बापाने दिली आणि आई-बाबांना नेलं. ती चिठ्ठी मी दफ्तरात पाहिली. अक्षर सुरेख होतं मेल्याचं. दगडावर मारणाऱ्याचं नाव घालत नाहीत म्हणे. मग निदान गेबहार्टची वाट तरी अडू दे, रोज पाव आणायला निघाला की. फुटपाथ पालिकेचा आहे, त्याची परवानगी लागत नाही. दोनदा विचारून घेतलं.

मला ज्यू म्हणून पाचवीतून हाकललं होतं, तेव्हा चुकांना हसू नकोस. या म्हाताऱ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
झीगबर्ट


हैफा, १७ मार्च २००८

ती. दादास थेआचा सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे, जीभ तर त्याहून बरी. सही केली, पण अकरा खोडून नऊ लिहिलं. खुशाल रागाव. आईच्या दगडावर पहिलाच शब्द ‘इथे’ असणार: इथे राहत होती येट्टा. खोटं बोलायचं तर माणसाने निदान दुसऱ्या शब्दापासून बोलावं.

फ्रोबेनबाईंनी नमस्कार घेणं बंद केलं, तेव्हापासून आई तुझा हात धरून पलीकडच्या कडेने जायची. तिला आता कायमची त्यांच्या दारात बसवतोस? सूड मलाही हवाय, तुझ्याइतकाच. पण त्यासाठी आईचा पत्ता बदलणार नाही.

लोकरीचे मोजे घालत जा. माया पातळ होऊ नये.

तुझी,
थेआ


लिंडनरोड, ८ सप्टेंबर २००८

चि. थेआस आशीर्वाद, वि. वि.

दगड मे महिन्यातच बसले, तुझ्या हट्टाप्रमाणे नऊसमोर. म्हणून पत्र नव्हतं. आजारी नव्हतो, रागावलो होतो.

पितळ काळं पडतं. मला वाकवत नाही. आज गेबहार्ट फडकं घेऊन दारात आला. बापाची चिठ्ठी त्याने या उन्हाळ्यात वाचली म्हणे. दगड मी घासले तर चालेल का, असं विचारू लागला. मी दार लावून घेतलं. मग उघडलं आणि स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन फुटपाथवर जाऊन बसलो.

बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे टेकून बसला. बाबांपासून सुरुवात केली. मी म्हटलं, आधी आई. पाववाली थांबून विचारू लागली, हे काय चाललंय. मी गेबहार्टकडे बोट दाखवलं. तो कुणाचा मुलगा आणि बापाने काय केलं, हे त्यालाच सांगायला लावलं. दोनदा, कारण ती बहिरी आहे.

तासाभराने त्याने विचारलं, झालं का. आईच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर डाग आहे, पुढच्या सोमवारी ये, असं मी सांगितलं.

डाग नव्हता, थेआ.

लोभ माझ्यावर ठेव, गेबहार्टवर ठेवायची घाई नको.

तुझा दादा,
झीगबर्ट