ज्येष्ठांना सूट

मूल, जि. चंद्रपूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र एटापल्ली, गडचिरोली असा प्रवास करून पोचले. पाकिटावर तेलाचा डाग आणि आत लोणच्याचा वास होता. त्यावरून ते टपालापेक्षा एस.टी.च्या कंडक्टरच्या डब्यासोबत आले असावे, असे अनुमान केले. तुमच्या कोरेटोल्याला मोबाइलची रेंज नाही हे ऐकून तुझी काकू हळहळली. मी सुखावलो. कित्येक वर्षांत मला कुणी पत्र लिहिले नव्हते. विद्यार्थी लिहितात ते रजेचे अर्ज, आणि त्यांत एकच आजोबा वर्षातून तीनदा वारतात.

गावाच्या हक्काच्या जंगलाची हद्द पायी चालून मोजायची आणि ग्रामसभेला नकाशा करून द्यायचा, हे काम मला पसंत आहे. तुकडीतले पाचही जण एकाच वेळी बोलतात आणि कुणीच कुणाचे ऐकत नाही, म्हणून काही नियम करून द्या, असे तू लिहितेस. संस्कृतच्या मास्तराकडे नियम मागायला धाडस लागते. मी तीन रात्री जागून ते केले आणि सोबत जोडले आहेत.

पहिला, एक बोलत असता दुसऱ्याने बोलू नये. दुसरा, सर्वांना पटेपर्यंत निर्णय झाला असे मानू नये. तिसरा, नियम मोडणाऱ्याने त्या संध्याकाळची सगळी भांडी घासावीत. बाकीचे पुढे आहेत. वाचलेस तर आनंद, न वाचलेस तर आश्चर्य नाही.

आपल्या शास्त्रात नियमाइतकाच त्याचा अपवाद मोलाचा. अपवाद आला की नियमाने मुकाट्याने बाजूला व्हायचे असते. तेव्हा प्रत्येक नियमाला मी एकेक अपवाद जोडला आहे. पहिल्याचा अपवाद असा, की ज्येष्ठ व्यक्तीस मध्ये बोलण्याची मुभा राहील. हा मी आमच्या गुणवंतरावांकडे पाहून घातला. माझ्या शब्दावर तू त्यांना तुकडीत घेतलेस, याचे मला समाधान आहे. निवृत्त रेंजर, त्या बाजूच्या हद्दीवरचा एकूण एक मुनारा, म्हणजे दगडांचा जुना ढीग, त्यांना पाठ. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त तो बंद कसा करायचा, हे मला तीस वर्षांच्या मैत्रीत समजलेले नाही.

प्रकृतीस जप. लोभ नियमानुसार असावा, अपवादाने नको.

तुझा,
श्रीहरीकाका


कोरेटोला, ता. एटापल्ली
२१ नोव्हेंबर २०२४

ती. श्रीहरीकाकांस शि. सा. न. वि. वि.

नियम पोचले. आमचा गाडीवाला राजदीप, तोच फोटोही काढतो, त्याने ते पडवीच्या खांबाला चिकटवले. संघप्रिया चंद्रपूरची, मोजणीचे यंत्र तिच्याकडे. तिने वाचून विचारले, की हे नियम आहेत की पळवाटांची जत्रा. तुमचा मान राखून मी उत्तर दिले नाही.

गुणवंतरावांनी सगळ्या कागदातला एकच भाग पाठ केला, तो कोणता हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणीही तोंड उघडले, की ते हात वर करून म्हणायचे, थांब पोरी, मी ज्येष्ठ आहो. मग अर्धा तास आम्ही सगळे कनिष्ठ.

आता घडले ते सांगते. मागच्या आठवड्यात पश्चिमेची हद्द कधी चालायची, यावर बैठक होती. रंजीता गावातलीच, गोंडी-मराठी दोन्ही बाजू तीच सांभाळते. ती म्हणाली, उद्या नको, कारण. कारणापर्यंत ती पोचलीच नाही. गुणवंतरावांना पश्चिमेचा नाला ऐकून तिथले अस्वल आठवले. अस्वलाची गोष्ट चांगली होती, खोटे कशाला बोलू. ती संपेपर्यंत रंजीता काही सांगत होती हे आम्ही विसरलो, आणि ती मुकाट्याने उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गावाचा पंडुम, म्हणजे सण, होता. त्या दिवशी पूजा होईपर्यंत जंगलात कुणी पाऊल टाकत नाही. आम्ही सकाळीच यंत्र आणि लाल झेंडे घेऊन गेलो. परतलो तेव्हा सगळे गाव नवे कपडे घालून देवाजवळ बसले होते आणि आमच्याकडे पाहत होते. ओरडले असते तर बरे वाटले असते.

गावचा कारभार वारलूदादा पाहतात. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि तुम्हा लोकांत काही नियम आहेत काय, असे शांतपणे विचारले. मी मोठ्या उत्साहाने खांबावरचा कागद काढून वाचला. मी एक नियम वाचायची, रंजीता गोंडीत सांगायची. नियमाला सगळे मान डोलवायचे. मग अपवाद यायचा. तिसऱ्या अपवादाला म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. काका, तुमचे साहित्य इतक्या मनापासून कुणी ऐकले नसेल.

हसणे थांबल्यावर वारलूदादा म्हणाले, या सभेत मीच सगळ्यात बुढा, पण माही पाळी येतवरी मी तंबाखू मळत बसतो. ज्याईले सोताचे पाच माणसं सांभाळता येत नाई, ते आमचं जंगल काय मोजतीन. मग सर्वानुमते ठरले, की महिनाअखेरच्या पुढच्या सभेपर्यंत, म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत, मोजणी बंद. तेवढ्यात आम्ही सुधारलो तर ठीक, नाहीतर सामान आवरायचे. नकाशा झाला नाही, तर गावाची बांबूतोडीची योजना यंदाही अडेल. तो दोष आमचा असेल आणि तुकडीची प्रमुख म्हणून माझा.

संघप्रियाने सांगितले, की अपवाद राहिला तर ती राहणार नाही. मी लाल शाईने सगळे अपवाद खोडले. पंडुमच्या घोळाबद्दल त्या संध्याकाळची भांडी गुणवंतरावांनी घासावीत, असेही सांगितले. त्यांनी भाताच्या करपलेल्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, पाहिले आणि म्हणाले, जन्मभर मले लोकं साहेब म्हणून राह्यले, आता मी गंज घासू काय. सकाळच्या बसने ते गेले. पश्चिमेचे मुनारे त्यांच्यावाचून कुणाला ठाऊक नाहीत, आणि संघप्रियावाचून यंत्र चालत नाही. मला दोघेही हवेत. गुणवंतराव तुमच्याकडेच आले असतील. काही करा.

काकूंना नमस्कार. लोभ खोडू नये, एवढी विनंती.

तुमची,
नंदिनी


मूल
२९ नोव्हेंबर २०२४

चि. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आधीच गुणवंतराव वळकटी घेऊन दारात उभे राहिले. आमच्या ओसरीवर त्यांचा आता स्थायी मुक्काम आहे. दिवसा ते तुझ्या उद्धटपणाचे वर्णन करतात, रात्री अस्वलाचे. मी अपवाद का घातला, असे तू स्पष्ट शब्दांत विचारले नाहीस, हा तुझा विनय. गोंडीत माझ्या रचनेचे काय झाले असेल, याचा विचार करत मी दोन दिवस शाळेत कुणाला नियम शिकवला नाही. मुले खूश होती.

मी त्यांना समजावून पाहिले. परत जा, पोरीचे काम अडले आहे, गावाचे अडले आहे, असे म्हणालो. म्हणजे म्हणणार होतो. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला.

तुझे पत्र मी टेबलावर ठेवण्याची चूक केली आणि ते तुझ्या काकूने वाचले. पुढचे तिच्याकडूनच ऐक. ती वेगळा कागद जोडते आहे आणि मला तो दाखवत नाही.

लोभ आहेच, सध्या त्याला राखेचा वास येतो.

तुझा,
श्रीहरीकाका


(त्याच पाकिटात)

लाडक्या नंदूले काकूचा आशीर्वाद.

तुहं पत्र दोनदा वाचलं. बाई, तू लई चांगलं काम केलं. लग्न होऊन इतके वर्सं झाले, तुह्या काकानं मले एकबी गोष्ट शेवटपर्यंत सांगू देल्ली नाई. मी म्हणते, आज बजारात, का हे म्हणतात, बाजार शब्द कुठून आला मालूम आहे का. आता त्याईच्या जोडीले गुणवंतभाऊ बी आले. मी पोळ्या करून राह्यली न दोघं बोलून राह्यले, असा हिशोब.

म्हणून मी तुहाच नियम इथी लावला. खोडून उरलेला. मधात बोलला का भांडे. पयल्या दिवशी दोघंही हासले. तवापासून रोज दोघंही अंगणात नळापाशी बसून घासून राह्यले. काकाले सांगतलं का गंज खालून बी असते, तो बी घासा. काल मी माह्या मावशीच्या लग्नातल्या हत्तीची गोष्ट सुरूपासून आखरीपर्यंत सांगतली. ऐकाले कोणी नव्हतं, दोघंही भांड्यापाशी होते. पण पुरी झाली.

मी काही त्याईले जा म्हणत नाई. पाहुणा आहे. राहू दे, भांडे लखलख आहेत.

जेवत जाय वेळेवर. माया आहे तशीच ठेव.

उर्वशीकाकू


कोरेटोला
३१ डिसेंबर २०२४

ती. काका आणि काकूंस शि. सा. न. वि. वि.

महिन्याच्या सुरुवातीला गुणवंतराव बसमधून उतरले. खिशात तारेची नवी घासणी. मी काही विचारायच्या आत म्हणाले, तिथी दोघायतच सारे भांडे, इथी निदान पाच जणं आहेत. हिशोबानं इथीच बरं. पश्चात्तापाचा एक शब्द नाही. मला हिशोब चालला.

पहिल्या बैठकीत रंजीता बोलत असताना त्यांचा हात दोनदा वर गेला. दोन्ही वेळा त्यांनी त्याने डोके खाजवले. संघप्रिया टक लावून पाहत होती. रंजीताचे सगळे सांगून झाले, तेव्हा तिनेच त्यांना पश्चिमेच्या नाल्याबद्दल विचारले. ते सांगू लागले आणि अर्थातच अस्वल आले. मला मुनाऱ्यांची घाई. मी म्हणाले, भाऊ, अस्वल राहू द्या, दगड कुठे आहेत तेवढे.

राजदीपने खांबाकडे पाहिले. गुणवंतरावांनी खिशातून घासणी काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि अस्वलाचे उरलेले सांगून टाकले. मुनारे अस्वलाच्या गुहेपासूनच सुरू होतात, हे त्या उरलेल्यात होते.

संध्याकाळी मी गंज घासत बसले. नेमके वारलूदादा सभेची वेळ सांगायला आले. प्रमुख बाई कोपरापर्यंत काळी, आणि रेंजर साहेब वरून सांगत आहेत, का गंजाच्या बुडाले अजून लागून आहे. वारलूदादा तिथेच बसले, तंबाखू मळली आणि माझे संपल्यावर गेले.

काल सभा झाली. मी लांबलचक निवेदन लिहून नेले होते. वारलूदादांनी ते वाचू दिले नाही. म्हणाले, कागद ठेव बाई, मी पाहून आलो. मग एकेकाला विचारत सगळे हो म्हणेपर्यंत दुपार टळली. एक आजी शेवटपर्यंत अडून होत्या. त्यांना अपवाद पुन्हा ऐकायचे होते. मी तुमचे सगळे अपवाद वाचले, आजी पोटभर हसल्या आणि हो म्हणाल्या. उद्यापासून मोजणी सुरू. पश्चिमेला पुढे गुणवंतराव, मागे यंत्र घेऊन संघप्रिया.

तेव्हा तुमचे लेखन अगदीच वाया गेले नाही. माया अशीच राहू द्या, हात खरखरीत झालेत तरी.

तुमची,
नंदिनी


मूल
८ जानेवारी २०२५

चि. नंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. माझे अपवाद शेवटी एका आजींना पटले, हे मी शाळेत सांगितले. मुख्याध्यापकांनी कोणत्या आजी, असे मध्येच विचारले. मी त्यांच्याकडे फार वेळ पाहत राहिलो.

गुणवंतराव तुझ्याकडे गेले, हे उत्तमच झाले. मात्र त्यांच्या जाण्याने आमच्या घरात एक परिणाम झाला, त्याकडे तू लक्ष दिलेले दिसत नाहीस. नियम करणारी एक, मोडणारा एक. तिने मावशीच्या हत्तीची गोष्ट पुन्हा सुरू केली आहे, आणि तो हत्ती मंडपात शिरतो त्या ठिकाणी गप्प बसणे मनुष्यमात्राला अशक्य आहे.

तेव्हा तुमच्या तुकडीत एखादी जागा असल्यास कळवावे. संस्कृतची तिथे गरज नसावी. भांड्यांचा अनुभव आहे, गंज खालूनही घासतो. ज्येष्ठ म्हणून कोणतीही सूट मागणार नाही.

उत्तर लवकर दे. ती पोळ्या लाटते आहे आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली आहे.

तुझा,
श्रीहरीकाका