मालनबाईंनी विचारलेला प्रश्न

प्रिय निकी,

फोन उचलायचा नाही, मेसेज वाचून गप्प बसायचं, म्हणून हे पत्र. तुझ्या खोलीतल्या राजनंदिनीला बजावून ठेवलंय, तुझ्या हातात देऊनच हलायचं. तिनेच मला कळवलं, की आई गेल्यापासून तुझं जेवणच सुटलंय, आणि आता चहा-बिस्किटंही नकोत म्हणतेस. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड, मला सवय आहे.

इकडे हडपसरला आमची पावडर अखेर जमली. एका ग्लासात अख्खं जेवण, तू जिला थोरांची पेज म्हणायचीस, तीच. वाटाण्याच्या प्रोटीनमध्ये जे कमी पडतं ते तांदळातून भरून काढलं, शिवाय जवस, राजगिरा, शेवग्याचा पाला. कागदावर सगळं चोख, पण तोंडात घातलं की ओल्या गवताचा वास. कोको घालून बघितला, तर आमचा मार्केटिंगचा आमोद म्हणाला, छान, चॉकलेट खाल्लेली म्हैस. शेवटी वैतागून मी आईच्या मेतकुटाचा डबा नेला. तिने शेवटचं भाजलेलं, तुझ्यासाठी, आणि तू आली नाहीस म्हणून तसंच राहिलेलं. चमचाभर घातलं आणि तो कच्चट वास कुठल्या कुठे पळाला. मी नाचायचीच काय ती राहिले होते!

मग चव बघायला आमोद, मशीनवरचा शंभू आणि साफसफाईच्या मालनबाई बसले. तिघांनाही आवडली. मालनबाईंनी रिकाम्या ग्लासात पाणी घातलं, फिरवलं, पिऊन टाकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, निकी जेवली का? एरवी हाय-न्हाय बोलणारी बाई, आणि आवाज आईचा. शेवटच्या शब्दावर जरासा चढणारा. अगं, ऑफिसात मी तुझं नाव कधीही काढलेलं नाही! सर्रकन काटा आला अंगावर. काय म्हणालात विचारलं, तर म्हणाल्या, म्या कुटं काय बोलले? तेवढ्यात शंभूने तेच विचारलं. मग आमोदने.

तेव्हापासून तिघंही जेवलेले नाहीत. डबा उघडतात, वास घेतात, झाकण लावतात. भुकेने कळवळतात, पण घास ओठांशी नेला की हात आपोआप खाली येतो. शंभूला सलाईन लावलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही, पावडर तपासून घेतली तर त्यातही काही नाही. मालनबाई पायरीवर बसून गेटकडे बघत असतात. कोणाची वाट बघताय विचारलं की नुसत्या हसतात, आणि ते हसणंही मला ओळखीचं वाटतं.

तू रुसून उपाशी निघून जायचीस, तेव्हा आई ताट झाकून कोथरूडच्या आपल्या गॅलरीत उभी राहायची, आठवतं? पोर उपाशी असताना माझ्या घशाखाली कसं उतरेल, म्हणायची. तू भांडून बंगलोरला गेलीस तरी पानावर बसण्याआधी मला रोज विचारायचीच, निकी जेवली का? मी डोळे मिटून हो म्हणायचे, मग ती जेवायची. म्हणून परवा मालनबाईंनाही मी म्हटलं, हो, जेवली हो निकी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली, नाही. आता आईला फसवता येत नाही, निकी.

आता राहिलेलं सांगते. जी पावडर बनवते, तिने ती आधी स्वतः चाखायची, हा आमच्याकडचा नियमच आहे. त्या दिवशी पहिला ग्लास माझा होता. समोर वरणभात गार होऊन गेलाय, भुकेने अक्षर वाकडंतिकडं येतंय, आणि घास घ्यायला हात उचलत नाही. मला भीती वाटते गं, खूप. आई तुझ्यामुळे गेली नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. आता काहीही खा, पोळीचा तुकडा खा, पण खरोखर खा. फोन करायची तसदी घेऊ नकोस. तुझ्या घशाखाली घास उतरला, की मला इथे कळेल.

वाट बघत असलेली, तुझीच,
तनुताई