कमरेच्या उंचीवर

अहो,

तुमचा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवतेय. बाळ आडवं आहे, तेव्हा सीझर पुढच्या आठवड्याऐवजी आजच करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेजारच्या काकू गाडी आणायला गेल्यात.

घरात शिरल्यावर कपाळाला हात लावू नका. डबे ओट्यावर, पातेली टेबलावर, माझे कपडे खुर्चीवर, हा सगळा पसारा मीच मांडलाय. टाके ओले असताना वाकायचं नाही आणि हात वर ताणायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. म्हणून लागेल ते सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं. तुम्हाला वस्तू जागच्या जागी ठेवायची भारी हौस! या वेळी कृपा करून काही आवरू नका. तुम्ही ट्रक घेऊन परत गेलात की मला ते काढून कोण देणार?

दवाखान्यात सोबत कोण, असं विचारतील. काकू म्हणाल्या, "थोरली जाऊ आहे म्हणून ठोकून देते." मला हसू आलं, पण टिकलं नाही.

बाळाच्या कपड्यांची पेटी तेवढी माळ्यावर आहे. काकू काढून देत होत्या, मीच नको म्हटलं. घरात एक तरी काम तुमच्या उंचीचं राहू दे.