अनुक्रमांक नऊ वगळून वाचावा

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, कारण तुम्ही होतात तेव्हाही आपलं बोलणं फार होत नसे. तुम्ही सांगायचात आणि मी ऐकायचे, किंवा ऐकल्यासारखं करायचे. आजही तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. ज्या संस्थेच्या वसतिगृहात तुम्ही आयुष्यभर शिपाई होतात, तिथेच मी नोकरी केली, अजून करते आहे. तुमच्या वेळचं नुसतं कॉलेज आता विद्यापीठ झालंय. त्या विद्यापीठात मी तुमच्या शिकवणीच्या बरोबर उलटं वागले. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

मी नववीत होते. वसतिगृहात काविळीची साथ आली होती. मुलांच्या उलट्या तुम्ही काढल्यात, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलंत आणि शेवटी स्वतःच आजारी पडलात. विश्रांतवाडीच्या आपल्या दोन खोल्यांतलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, डोळे हळदीसारखे पिवळे, आई बिनतेलाची भाजी ताटात वाढते आहे आणि तुम्हाला वास सहन होत नाहीये. तेवढ्यात ऑफिसातला एक जण सायकलवरून चिठ्ठी घेऊन येतो. रेक्टरांनी विचारलंय, कधी येताय. चिठ्ठीत दुसरं काही नाही, बरं आहे का एवढंही नाही. तुम्ही उठता. मी दारात उभी राहते आणि म्हणते, "अण्णा, जाऊ नका. असं बोलवायला त्यांना लाज कशी वाटत नाही?" तुम्ही मला हाताने बाजूला करता. म्हणता, "कागदावर सही कुणाची आहे ते बघायचं. काय लिहिलंय ते बघायचं नाही." आणि शर्टाची बटणं लावत निघून जाता. पुढे कितीतरी महिने तुम्हाला धड जेवण गेलं नाही. रेक्टरांची बदली झाली तेव्हा हार आणायला मात्र तुम्हीच गेलात.

मला तिथे लिपिक म्हणून घेतलं त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर आलात. फाटकापासून आस्थापना विभागापर्यंत भेटेल त्याला वाकून नमस्कार करत, "माझी मुलगी आहे, सांभाळून घ्या" म्हणत. मी मान खाली घालून मागून चालत होते. लोकांना वाटलं, मुलगी लाजते आहे. मला राग आला होता अण्णा, इतका की त्या दिवशी तुम्ही दिलेला डबा मी उघडलाच नाही.

मग तुम्ही गेलात, मी कक्षाधिकारी झाले आणि करोनाची साथ आली. ती तुम्ही पाहिली नाहीत, सुटलात. सगळं शहर बंद, रस्त्यावर पोलीस, आणि आमच्या वसतिगृहांमध्ये विलगीकरण केंद्र. कर्मचाऱ्यांसाठी नियम काढायचे होते. कुलसचिवांनी मुद्दे सांगितले, मी परिपत्रक टाइप केलं. कर्मचाऱ्यांनी एक दिवसाआड यावं. ताप किंवा खोकला असेल तर येऊच नये, ते दिवस हजेरीत धरले जातील. गरोदर बायकांनी घरून काम करावं. चांगलं परिपत्रक होतं, वाचून हायसं वाटावं असं. शेवटी अनुक्रमांक नऊ : सदर सवलती कंत्राटी कर्मचाऱ्यांना लागू नाहीत. तीच माणसं केंद्रातले संडास धूत होती. ते वाक्य माझ्याच बोटांनी टाइप झालं. सही कुलसचिवांची होती. काय लिहिलंय ते मी बघितलं नाही.

चार-पाच दिवसांनी केंद्राची झाडलोट करणारी एक बाई माझ्या खिडकीशी आली. धानोरीकडून रोज चालत यायची. खिडकीपासून लांबच उभी राहिली.

"मॅडम, ताप हाय. कालपासनं वास बी येईना कशाचा."

"मग आलात कशाला? घरी थांबायचं ना."

"मुकादम म्हनला, आज आली न्हाईस तर परत येऊच नको." मग तिने विचारलं, "त्या कागदात आमचं काय लिव्हलंय?"

मी सांगितलं. लागू नाही, असं लिहिलंय. तिने मान डोलावली, जशी तुम्ही डोलवायचात, आणि बादली उचलायला वळली. अण्णा, ती भांडली असती तर कदाचित मी तिला मुकादमाचा नंबर देऊन मोकळी झाले असते. ती नुसती वळली.

मी तिला थांबवलं. विद्यापीठाच्या कागदावर लिहून दिलं की या कर्मचारी आजारी असून त्यांना घरी पाठवलं आहे, त्यांना कामावरून कमी करू नये. खाली माझी सही, माझा शिक्का. ती गेल्यावर पुन्हा खुर्चीत बसले आणि एक शुद्धिपत्रक टाइप केलं. एका ओळीचं : उपरोक्त परिपत्रकातील अनुक्रमांक नऊ वगळून वाचावा. खाली 'कुलसचिवांकरिता' असं लिहून मी सही केली. तसा अधिकार मला नव्हता. दुपारच्या आत ते सगळ्या विभागांना, केंद्राला आणि कंत्राटदाराला ईमेलने गेलं.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांनी बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"हे 'करिता' आपल्याला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही सर."

"वा. म्हणजे विद्यापीठ आता आपण चालवता. मागे घ्या ते."

"घेते सर. फक्त मला लेखी द्या, ताप असला तरी बाईंनी कामावर यावं म्हणून. खाली आपली सही. लगेच सगळीकडे पाठवते."

समोर कोरा कागद होता, पेन होतं. त्यांनी पेन उचललं नाही. "या आपण," म्हणाले. मी वाकले नाही, नमस्कारही केला नाही. माझ्या वाटचे सगळे नमस्कार तुम्ही आधीच करून ठेवले होतेत.

शुद्धिपत्रक राहिलं. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तरात लिहिलं, कारण ताप. पुढे माझी बढती हुकली आणि बदली अभिलेख कक्षात झाली. तिथे जुन्या फायली, झुरळं आणि मी. त्या बाईला करोनाच निघाला होता. ती वाचली, तिची सासू नाही वाचली. अनुक्रमांक नऊ मी मुळात टाइपच केला नसता तर काय झालं असतं, हे तिने मला कधी विचारलं नाही. मी स्वतःला विचारते. अजूनही ती विद्यापीठातच झाडते. भेटली की आम्ही दोघी उभ्याउभ्या गुडघेदुखीवर बोलतो.

गेल्या महिन्यात आमच्या भागात दूषित पाण्याने आजार पसरला आणि पुन्हा नियम काढायची वेळ आली. आस्थापनेतली नवी मुलगी जुनी फाइल शोधत खाली आली. पानं उलटताना म्हणाली, "मॅडम, या शुद्धिपत्रकावर तुमची सही कशी काय? तुम्ही तर रेकॉर्डला ना?"

"तेव्हा वर होते."

"ओके. मग नवीन ड्राफ्टमध्ये मी नऊ नंबर टाकतच नाही. सेम फॉरमॅट ठेवू ना?"

"ठेव," मी म्हटलं. नवीन परिपत्रक निघालं. त्यात सगळे कर्मचारी म्हणजे सगळेच आहेत. वर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा अण्णा, तुमचं चुकलं. सही कुणाचीही असो, काय लिहिलंय ते बघायचं असतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि मी सांगितलं आहे. या पत्राला जावक क्रमांक पडायचा नाही. मी ते इथेच कुठल्या तरी गठ्ठ्यात ठेवून देईन. फक्त एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी तुम्ही जिवंत असतात, आणि संध्याकाळी घरी येऊन मला तुम्हाला तोंड दाखवायचं असतं, तर मी ती सही केली नसती.