ही डावीकडे उभी

अण्णा,

परवा आम्ही गडावर देवीला जाऊन आलो. तुमच्या वेळी वणीची एसटी, मग नांदुरीहून चालत, मग पायऱ्या. आता दारात गाडीत बसायचं, वर ट्रॉलीत बसायचं, आणि तरी घरी आल्यावर सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. येताना दिंडोरीच्या अलीकडे भाजलेली कणसं घ्यायला थांबलो. समोर द्राक्षांच्या बागा आणि त्यांच्यावर असा काही ढग उतरला होता की तुम्ही असतात तर कणीस हातात तसंच गार झालं असतं. मुलाने त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि आमच्या तिघांचा एक घे म्हणाला. तो, सून आणि नात. नात आता तेरा वर्षांची आहे, तिच्या दातांना तारा लावल्यात. तिने कणीस तोंडापुढे धरलं. सून म्हणाली, ते खाली घे. तिने घेतलं नाही. सुनेचा आवाज चढायला लागला, कणीसवाली बाई वारा घालायची थांबून बघायला लागली. मग मी मोबाइल वर केला आणि ढगाचा फोटो काढून मोकळी झाले.

"आई, माणसं खाली आहेत," सून म्हणाली.

मी म्हटलं, माणसं मला रोज दिसतात, तीच तीच. नात कणसाआडून हसली आणि तो विषय तिथे मिटला.

गाडीत बसल्यावर पुन्हा निघाला. मुलगा बायकोला समजावत होता की चिडू नको, हे आमच्या रक्तातच आहे. आईचे वडील असेच होते, सगळ्या सहलींत आभाळाचे फोटो काढायचे आणि आजी गेली तेव्हा हार घालायला तिचा एक धड फोटो घरात नव्हता. ही गोष्ट तो छान रंगवून सांगतो. नातीने विचारलं, "एकपण नाही? बायकोचा? हाऊ मीन." मुलगा हसला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. अण्णा, मी रिक्षावाल्याला सोडत नाही, देवळातल्या गुरुजींना सोडत नाही. भर सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनला मी त्याच्याच पत्रातल्या इंग्रजी चुका वाचून दाखवल्या आहेत. आणि तुम्हाला कुणी माझ्यासमोर वाईट म्हणालं तेव्हा मी ब्रही काढला नाही. कारण ती गोष्ट मुलाला सांगितलेली मीच. तो लहान असल्यापासून सांगत आले.

म्हणून आज लिहायला बसले आहे. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आईला माहीत होतं. आपण तिघंच.

मी सहावीत होते. तुम्ही पाटबंधारे खात्यात कारकून, पंचवटीत दोन खोल्या, आणि पोरीला मात्र नदीपलीकडे सिस्टरांच्या शाळेत घातलेलं. तुमचे साहेबसुद्धा म्हणाले होते, एवढी उडी कशाला. माझ्या वर्गातल्या मुली बंगल्यांतून यायच्या. त्यांच्या आया मोटारीतून उतरायच्या, त्यांना पावडरीचा वास यायचा. माझी आई कशी होती ते तुम्हाला काय सांगू. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत तिला कोडाचा पांढरा डाग होता. गल्लीत सगळ्यांना सवय होती, मलाही होती. शाळेत जायला लागेपर्यंत तो डाग आहे हेच मला कळलं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. शाळेत एका मुलीने सांगितलं की कोड लागतं, आणि तशा माणसाच्या हातचं खाल्लं की आपल्यालाही येतं. ती कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलत होती. पण माझ्या डब्यातले बेसनाचे लाडू आईच्याच हातचे असायचे आणि त्या लाडवांवरच माझ्या मैत्रिणी टिकून होत्या.

त्याच सुमारास सिस्टरांनी वहीत कुटुंबाचा फोटो चिकटवून आणायला सांगितलं. तुमच्या बॉक्स कॅमेऱ्यातला गंगापूर धरणावरचा फोटो नुकताच धुऊन आला होता. रोलात बारा फोटो मिळायचे आणि एकेक फोटो तुम्ही तांदळातल्या खड्यासारखा निवडून काढायचात. हा तर तुमच्या ऑफिसातल्या शिपायाने काढला होता, आपण तिघं धरणाच्या भिंतीपाशी. आई हसत होती. तोंड मिटून हसायची ती, पण त्या दिवशी अगदी दात दिसेपर्यंत. मी शिवणाची कात्री घेतली आणि तिला कापून काढलं. नीट कापलं, तुमच्या खांद्याला धक्का न लावता. उरलेला तुकडा केराच्या सुपलीत टाकला. तो निदान फाडायचं तरी सुचायला हवं होतं. आईने सुपली उचलली, तुकडा बघितला, पदराने पुसला. मग बंबापाशी गेली आणि गोवऱ्यांबरोबर आत सारला. मी मोरीच्या उंबऱ्यावर उभी होते. ती मला काही बोलली नाही. संध्याकाळी तुम्ही आल्यावर चहा देताना तुम्हाला म्हणाली, "यापुढे मला नका घेऊ फोटोत." तुम्ही का म्हणून विचारलंत. तिने सांगितलं नाही.

वहीतला फोटो बघून सिस्टरांनी विचारलं, आई कुठे आहे. मी म्हटलं, तीच तर फोटो काढत होती. इंग्रजीत म्हटलं, न अडखळता. सगळ्या वर्गाने माझ्याकडे वळून बघितलं. फोटो काढणारी आई त्या बंगलेवाल्यांकडेही नव्हती. मला त्या दिवशी काय वाटलं हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला अभिमान वाटला.

पुढे स्नेहसंमेलनाला तुम्ही दोघं आलात. आई फाटकाबाहेरच थांबली, म्हणाली आत गर्दी आहे. आत सिस्टर तुमच्याजवळ आल्या आणि तुमच्या मिसेस फारच छान फोटो काढतात म्हणाल्या. तुमचं इंग्रजी ऑफिसातल्या खलित्यांपुरतं, पण एवढं तुम्हाला कळलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी परीच्या पोशाखात होते, पाठीला पुठ्ठ्याचे पंख. तुम्ही म्हणालात, "थँक यू, सिस्टर." तेवढंच. घरी जाताना रस्ताभर वाट बघितली, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही बोलला नाहीत. मारलं असतंत तर फिटलं असतं, असं नंतर कितीदा वाटलं.

त्यानंतर तुमचं आभाळ सुरू झालं. सोमेश्वरला, तपोवनात, मावशीच्या घरच्या डोहाळजेवणाला. कुणीतरी म्हणायचंच, वहिनींनाही घ्या की. की तुम्ही आईच्या शेजारी जाऊन उभे राहायचात, कॅमेरा वर करायचात आणि म्हणायचात, थांबा, ढग फार चांगला आलाय. लोक हसायचे. साहेबांनी तुमचं नाव हवामान खातं ठेवलं होतं, पाऊस कधी पडेल ते यांना विचारा. तुम्हीही हसायचात. लोकांचं लक्ष ढगावर आणि तुमच्या वेडावर जायचं आणि आई पदर सावरून तशीच उभी असायची. तिला नको म्हणावं लागायचं नाही. कुणी का म्हणून विचारायचं नाही. हे मला तेव्हा दिसत होतं की नाही? मला वाटतं दिसत होतं. मी दुसरीकडे बघत होते.

मग आई गेली, माझा मुलगा बालवाडीत असताना. तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता आणि तुमच्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोशिवाय दुसरा नव्हता. स्टुडिओवाल्याने त्यातून तिला वेगळी काढली, मोठी केली, ओठांना रंग भरला. पाटावर छप्पन्न वर्षांच्या बाईच्या जागी सतरा वर्षांची मुंडावळ्यांतली मुलगी बसली होती. लोक नमस्कार करून उठताना एकमेकांकडे बघत होते. मामी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाल्या की जन्मभर कॅमेरा गळ्यात घालून हिंडलात आणि बायकोचा एक फोटो काढवला नाही का तुमच्याने. तुम्ही तोंड उघडलंत. तुम्ही काय सांगणार होतात ते मला माहीत नाही. ते ऐकायला न थांबता तुमच्या आधी मीच बोलले.

"त्यांना आभाळातून सवड कुठे मिळाली, मामी? हार घालायचा तर ढगांना घाला."

कुणीतरी फिसकन हसलं, तेराव्याच्या पंगतीत. तुम्ही पानातला भात कालवत म्हणालात, "खरं आहे तिचं."

नंतर तुम्ही नऊ वर्षं आमच्याकडे राहिलात. माझ्या मुलाची मुंज झाली, आम्ही नवीन फ्लॅट घेतला, त्र्यंबकला किती वेळा गेलो. तुम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. जावई रंगीत रोल आणून द्यायचे, तर म्हणायचात, आता हात कापतो. हात कापत नव्हता. तुम्ही रोज सकाळी वस्तरा घेऊन स्वतःची दाढी करत होतात आणि एक कापल्याची खूण नसायची. मी ते बघायचे आणि कामाला लागायचे.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी तुमच्या ट्रंकेत ते सगळे ढग सापडले, दोऱ्याने बांधलेले. काळे-पांढरे, कडा वळलेले. टाकूनच देणार होते. एक उलटा पडला. मागे तुमचं पेन्सिलचं अक्षर. "सोमेश्वर. ही डावीकडे उभी, पाय पाण्यात. भेळ तिखट झाली." मग दुसरा. "तपोवन. ही उजवीकडे. हिरवं लुगडं. पोरीचा गुडघा फुटला." असे सगळे. प्रत्येक ढगाच्या मागे आई कुठे उभी होती, काय नेसली होती, काय म्हणाली. एकाच्या मागे लिहिलं होतं, "शाळेचं फाटक. ही बाहेर थांबली. मोगऱ्याचा गजरा." त्या गजऱ्याचं मला आठवतच नव्हतं. आत यायचं म्हणूनच माळला असेल. ते वाचून मी दार लावलं आणि ट्रंकेवर बसून राहिले. बाहेर गुरुजी हाका मारत होते, पिंडांना उशीर होतोय.

तेव्हापासून मीही काढते. घरच्यांना वाटतं निवृत्तीनंतरचा छंद आहे. फोटोंच्या तारखा कुणी बघत नाही म्हणून बरं, त्यातले अर्धे निवृत्तीच्या आधीचे आहेत. माझ्या ढगांच्या मागे मात्र काही लिहिलेलं नसतं. माझ्यापाशी लिहिण्यासारखं जे आहे ते एकाच फोटोचं आहे, आणि तो बंबात गेला.

काल दुपारी सून ऑफिसात असताना मी नातीला बोलावलं आणि तुमचे ढग तिच्या मांडीवर ठेवले. गाडीत ऐकलेलं तिच्या डोक्यात राहू नये एवढंच म्हणून. तिला छापील मराठी कसंबसं येतं, हातचं अक्षर येत नाही, म्हणून मीच एकेक वाचून दाखवला. शेवटी ती म्हणाली, पणजोबा मीन नव्हते. मी म्हटलं, नाही, नव्हते. तुमच्यासाठी एवढं तरी केलं, अण्णा, पन्नासहून जास्त वर्षांनी. फाटकाचा फोटो आला तेव्हा मी तो गड्डीच्या खाली सरकवला आणि पुढचा वाचला.

तिने विचारलंच. हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. "पण आजी, पणजी फोटोत का येत नव्हती?"

कात्री ओठांवर आली होती. तिच्या दातांच्या तारा दिसत होत्या, ती मान वर करून बघत होती, आणि तिला मी फार आवडते. मी म्हटलं, तिला आवडायचं नाही, लाजाळू होती. म्हणजे आधी तुमच्यावर ढकललं होतं, ते काल तुमच्यावरून काढलं आणि आईवर ठेवलं.

रात्री ठरवलं की सगळं लिहून काढायचं आणि कागद सरळ तिच्या हातात द्यायचे. तोंडाने होत नाही तर कागदाने. सकाळपासून बसले आहे. आत्ता ती शाळेतून आली, दारातून डोकावली, काय लिहितेस म्हणून विचारलं आणि खांद्यावरून वाकून बघितलंसुद्धा. मी कागद झाकला नाही. झाकायची गरज नव्हती. अडतीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं आहे, ती भाषा तिला आईच्या भाषेसारखी वाचता येते, आणि हे पत्र त्या भाषेत लिहायला मला तिळमात्र जड गेलं नसतं. मी मराठीत लिहिलं.